शाळा सोडण्याचे कारण

इतिहासाच्या पेपरातला उताऱ्यावरचा प्रश्न म्हणजे फुकटचे चार मार्क, असं मी पंचवीस वर्षं मुलांना ओरडून सांगत आले. "अरे, उत्तर डोळ्यांसमोर छापून दिलंय, ते खाली उतरवायला काय हात मोडतात? कागदात आहे तेवढंच लिहा. कागदात नाही ते मार्कात नाही!" हे इतक्या वेळा म्हटलं, की मी वर्गात शिरायच्या आधीच मागच्या बाकावरची कार्टी माझ्या आवाजात ते म्हणून टाकायची. मी डोळे वटारायचे आणि मनातून खूश व्हायचे. आपलं एक तरी वाक्य पोरांच्या डोक्यात बसलं, याचं मास्तरांना फार कौतुक असतं.

आमची शाळा नेरळजवळच्या कळंबच्या पुढे. अर्धी मुलं आसपासच्या गावांतली, अर्धी डोंगराकडच्या वाड्यांवरची. ही मुलं उतारा वाचून उताऱ्यातलं सोडून सगळं लिहायची. एकदा किल्ल्याच्या बांधकामावर उतारा दिला होता. 'किल्ल्याला किती दरवाजे होते?' याचं उत्तर एका बहाद्दराने लिहिलं, की एका दरवाजात त्याच्या काकाला गांधीलमाशी चावली आणि काका तीन दिवस तापाने पडून होता. दरवाजे किती ते काही लिहिलं नाही. मी त्याला भोपळा दिला आणि ते उत्तर शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे पोट धरून हसले. तेव्हा मलाही त्यात काही वाईट वाटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीची पूर्वपरीक्षा जवळ आली होती. उतारे नेहमी तयार प्रश्नपेढीतून घेतात, पण मला सदा न कदा काहीतरी वेगळं करायची खाज. शेजारच्या प्राथमिक शाळेचं छप्पर काढलं होतं म्हणून त्यांची जुनी दप्तरं आमच्या कपाटात आणून ठेवली होती. त्यात पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचं एक जनरल रजिस्टर होतं. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असते. नाव, गाव, बापाचा व्यवसाय, जन्मतारीख, शाळेत आल्याचा दिवस, सोडल्याचा दिवस आणि अगदी शेवटच्या अरुंद रकान्यात 'शाळा सोडण्याचे कारण'.

ते रजिस्टर उघडलं आणि माझ्या अंगावर काटाच आला. अक्षर माझ्या बाबांचं होतं. बाबा तरुणपणी त्या शाळेत गुरुजी होते हे मला माहीत होतं, पण त्यांचं तेव्हाचं लिखाण मी कधी पाहिलं नव्हतं. काय अक्षर हो! एका आकाराचं, एका उंचीचं, कुठे खाडाखोड नाही. माझं अक्षर बरं आहे असं लोक म्हणतात, शाळेतले दाखलेसुद्धा मीच लिहिते, पण ते आलंय तिकडूनच. ठरलं. उतारा ह्यातलाच.

पानं चाळून एक ओळ निवडली. डोंगरालगतच्या कातकरवाडीतला मुलगा. बापाचा व्यवसाय 'कोळसा पाडणे', म्हणजे रानात लाकडं जाळून कोळसा करणे. जन्मतारीख अर्थातच एक जून, कारण तेव्हा ज्याची तारीख माहीत नाही त्याला गुरुजी एक जून देऊन मोकळे होत. दुसरीपर्यंत शिकला. शाळा सोडण्याचे कारण : 'सतत गैरहजर'. नावावर कागदाची पट्टी चिकटवली, झेरॉक्स काढली आणि खाली प्रश्न घातले. ही नोंद कोणत्या दप्तरातली आहे? मुलाच्या वडिलांचा व्यवसाय कोणता? आणि दोन मार्कांचा तिसरा, मुलाने शाळा का सोडली ते नोंदीच्या आधारे लिहा. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, झकास. बोर्डालासुद्धा असं सुचत नाही." मी दिवसभर हवेत होते.

पेपर तपासायला बसले आणि एका पेपरापाशी अडकले. पेपर त्याच वाडीतल्या मुलीचा. ही मुलगी वर्गात फारसं बोलायची नाही, पण डोकं लख्ख. दिवाळी झाली की वाडीतली सगळी माणसं वीटभट्ट्यांवर जातात, तिचे आईबापही जायचे. ती मात्र दहावीसाठी म्हणून मागे आत्याकडे राहिली होती. वाडीतून दहावीला पोहोचलेली ती पहिलीच. तिने तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पानभर लिहिलं होतं. मला ते अजून पाठ आहे.

'त्याने शाळा सोडली नाही. हा माझा आजा आहे. आमच्या वाडीतून त्या वक्ताला तो एकटाच शाळेत जात होता. दिवाळीनंतर घरातली सगळी कोळसा पाडायला रानात गेली, त्याला एकट्याला घरी ठेवणार कोण. होळीनंतर तो परत आला आणि पाटी घेऊन शाळेत गेला. गुरुजी म्हणाले, तुझे नाव कापले. आजा पाटी घेऊन घरी आला. ती पाटी खूप वर्षे घरात होती. आजी तिच्यावर मीठ वाटायची.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज खरं सांगते, ती आग उत्तर उताऱ्याबाहेरचं होतं म्हणून नव्हती. 'गुरुजी म्हणाले, तुझे नाव कापले' हे वाक्य माझ्या डोळ्यांत खुपलं होतं. हे गुरुजी म्हणजे माझे बाबा. पावसापाण्यात चिखल तुडवत शाळेला जाणारे, स्वतःच्या पगारातून पोरांना पाट्या घेऊन देणारे. आणि ही काल आलेली पोरगी त्यांच्यावर लिहिते? मी लाल पेनने त्या पानावर आडवी रेघ मारली. खाली भोपळा काढला आणि लिहिलं, 'उताऱ्याबाहेरचे.' नियम हाताशी होता ना! त्याच्या आड लपायला काय लागतं?

पेपर वाटले तेव्हा ती पेपर घेऊन टेबलाशी आली. हळूच म्हणाली, "बाई, हे खरं हाय."

"खरं असेल गं. कागदात आहे का?"

"कागदात नाय."

"मग? मार्क काय झाडाला लागलेत, हलवले की पडले? कुणाचा आजा काय म्हणाला ते बोर्ड विचारत नाही. गुरुजींनी लिहून ठेवलंय ते वाच आणि तेवढंच लिही."

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्याच आवाजात म्हणालं, "कागदात नाही ते मार्कात नाही!" मीही हसले. ती पेपराची घडी घालून टेबलावर ठेवून जागेवर गेली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही.

चार दिवसांनी संध्याकाळी चहा घेताना मी बाबांना हे सांगितलं. बाबा आता माझ्याकडेच असतात, नेरळला. ऐंशी उलटली आहे, गुडघे गेलेत, पण डोकं शाबूत. मला वाटलं होतं त्यांना माझ्याइतकाच राग येईल आणि दोघं मिळून जरा कुरकुरू. तो पेपर मी मुद्दाम पिशवीतून आणला होता. त्यांनी चष्मा लावून उत्तर वाचलं. पुन्हा वाचलं. चहावर साय धरली तरी कप उचलला नाही.

"पोरीनं बरोबर लिहिलंय," ते म्हणाले.

"काय बरोबर?"

"सगळंच. पाटी घेऊन आला होता तो. फुटक्या चौकटीची पाटी, सुतळीनं बांधलेली. मीच दिली होती त्याला."

मग ते बोलत राहिले आणि मी ऐकत राहिले. कोळसा पाडायला सगळी वाडी जाते हे त्यांना ठाऊक होतं. होळीनंतर पोरगं परत येईल हेही ठाऊक होतं. पण तपासणीला साहेब यायचे होते. पटावर नाव आणि वर्गात पोर नाही, म्हणजे हजेरी कमी दिसणार, नव्या मास्तरची नोकरी, बदलीची भीती. म्हणून त्यांनी तपासणीच्या आधी नाव कमी केलं.

"पण मग कोळसा पाडायला गेला असं लिहायचं होतं ना, बाबा."

"तसं लिहिलं तर साहेब विचारणार, मग तुम्ही काय केलंत? सतत गैरहजर लिहिलं की कुणी काही विचारत नसे. दोन शब्दांत काम भागायचं." मग म्हणाले, "मी त्याला पुढच्या वर्षी ये म्हटलं होतं. तो आला नाही. मीही वाडीवर गेलो नाही. अर्ध्या तासाची वाट होती."

पाठ्यपुस्तकात मौखिक साधनांवर अख्खा धडा आहे. लोकांच्या आठवणी हाही इतिहासच असतो, हे मी दरवर्षी शिकवते, 'उदाहरणे द्या' म्हणून प्रश्नही विचारते. एका पोरीने जिवंत उदाहरण आणून हातावर ठेवलं आणि मी त्यावर लाल रेघ ओढली. आणि ती ओढताना मी बाबांची बाजू घेतेय असं मला वाटत होतं! मला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की मी कप उचलून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

आत आले तेव्हा बाबा म्हणाले, "पूर्ण मार्क दे तिला. आणि तिला घेऊन ये. मला तिच्याशी बोलायचंय."

मी भोपळा खोडून दोन मार्क दिले. बाजूला तारीख घालून सही केली. पण पोर होती कुठे? तिच्या आत्याला निरोप पाठवला तर कळलं, ती आईबापांकडे भट्टीवर गेली. खालापूरच्या पुढे, पाताळगंगेच्या काठाला. बोर्डाची हॉल तिकिटं आली, सगळ्यांनी नेली, तिचं माझ्या पर्समध्ये राहिलं. एका रविवारी मी स्कूटी काढली. कर्जतला पेट्रोल भरलं, खोपोली ओलांडली, शिळफाट्याला ट्रकांच्या रांगेत अर्धा तास तापत उभी राहिले. विचारत विचारत भट्टी सापडली.

ती विटा थापत होती. हात कोपरापर्यंत चिखलात. मला पाहून उठली आणि हात कुठे पुसावेत ते न कळून तसेच बाजूला धरून उभी राहिली. तिची आई पालाच्या सावलीत बसली होती, दिवस भरत आलेले. दोन लहान भावंडं राखेत खेळत होती.

मी पेपर काढून तिच्यासमोर धरला. तिचे हात भरलेले, म्हणून मीच धरून ठेवला. "हे बघ. दोनपैकी दोन. माझं चुकलं गं. तू लिहिलंस ते सगळं खरं होतं. ते गुरुजी म्हणजे माझे वडील. ते स्वतः म्हणाले, पोरीनं बरोबर लिहिलंय. पाटी घेऊन आला होता म्हणाले, फुटक्या चौकटीची."

तिने त्या दोनच्या आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सुतळीनं बांधलेली," ती म्हणाली.

"हो. सुतळीनं बांधलेली."

"आजाला सांगाया पायजे व्हतं, बाई. गणपतीत गेला तो. लय सांगायचा, मी शाळा सोडली नाय, मी शाळा सोडली नाय. आमी हसायचो त्याला."

मी विचारलं, त्या भोपळ्यामुळे तू शाळा सोडलीस का? ती लगेच म्हणाली, "नाय वं बाई. आईला होत नाय. भट्टीवर माणूस कमी पडतं." हे तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. ते खरं होतं का मला बरं वाटावं म्हणून होतं, हे मी आजही ठरवू शकलेले नाही. खरं असावं असं वाटतं, आणि तसं वाटण्यात माझाच स्वार्थ आहे हेही कळतं.

मी हॉल तिकीट तिच्या आईच्या हातात दिलं. परीक्षेचे सगळे दिवस माझ्या घरी राहायचं, केंद्र नेरळलाच आहे, जेवणखाण माझ्याकडे, असं सांगितलं. आईने मान हलवली. मुलगी म्हणाली, "येते मी, बाई. पेपरच्या आदल्या दिवशी येते. इथून टेंपो जातो कर्जतला."

पेपरच्या आदल्या दिवशी बाबांनी सकाळीच दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसले. "आपण काय म्हणायचं तिला?" मला विचारलं. जन्मभर पोरांना बोलायला शिकवलेला माणूस, आणि वाक्य जुळवत होता. मी म्हटलं, "जे वाटतं ते म्हणा." दुपार झाली. चार वाजले. दिवेलागणीला मी त्यांना आत चला म्हटलं तर म्हणाले, "कर्जतवरून यायला वेळ लागतो गं."

दुसऱ्या दिवशी मी केंद्राच्या फाटकात उभी होते. घंटा झाली. पहिली, मग दुसरी. फाटक बंद झालं. इतिहासाच्या पेपरालाही मी तशीच जाऊन उभी राहिले, का ते विचारू नका. पेपर सुटल्यावर माझ्या मुलांनी गराडा घातला, "बाई, उतारा सोप्पा होता! कागदातलंच लिहिलं!" मी म्हटलं, "शाब्बास." तिच्या आईला पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशीच मुलगा झाला होता, हे मला नंतर तिच्या आत्याकडून कळलं. बाबांनी त्यानंतर तिच्याबद्दल विचारलं नाही. इस्त्रीचा शर्ट त्यांनी घडी घालून कपाटात ठेवून दिला.

भट्ट्या बंद झाल्या, माणसं वाडीवर परतली, शाळा सुरू झाली. एक दिवस ती ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. खांदे रुंद झाले होते, हातांची कातडी फुटली होती. कळंबजवळच्या एका रिसॉर्टवर खोल्या झाडायचं काम मिळत होतं, वयाचा कागद लागणार होता. दाखला हवा होता, शाळा सोडल्याचा.

मी सगळं बोलून पाहिलं. अगं माझे आई, पुन्हा बसता येतं, फॉर्म मी भरते, पुस्तकं मी देते, दाखला नेलास की संपलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बाई, सोमवारपासून बोलावलंय."

मी रजिस्टर काढलं. नवीन रजिस्टर, पण रकाने तेच. दाखल्यावर लिहायच्या आधी त्यात लिहावं लागतं. तिच्या ओळीत नाव, वाडी, जन्मतारीख आधीपासून होती, सोडल्याचा दिवस लिहिला. शेवटच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. मला सगळं लिहायचं होतं. आई बाळंत झाली, भट्टीवर माणूस कमी पडलं, बाईने वर्गासमोर हसं केलं. रकाना दोन बोटांचा. शेजारी हजेरीचा पट उघडा होता. त्यात जानेवारीपासून नुसत्या गैरहजेरीच्या खुणा.

"काय लिहू गं इथे?" मी विचारलं.

तिने वाकून रजिस्टर पाहिलं, मग पट पाहिला. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. मला अडचण आली आहे आणि ती सोडवायला मदत करावी, इतक्या साध्या आवाजात ती म्हणाली, "कागदात हाय तेवढंच लिवा, बाई."

मी लिहिलं. सतत गैरहजर. आधी रजिस्टरात, मग दाखल्यावर. शिक्का मारून दाखला तिच्याकडे दिला. तिने बोट ठेवून एकेक रकाना वाचला, शेवटपर्यंत.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, माझ्या वडिलांना तुला भेटायचंय, घरी येशील का? "येते, बाई," म्हणाली. दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घातला, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि कळंबचा टेंपो उभा होता तिकडे गेली.